यंत्र आत्ता घ्या, खेळ सावकाश

डिचोलीचे एक गृहस्थ विचारतात: नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, हातात शनिवारची संध्याकाळ आणि रविवार एवढंच. मुलगा बारा वर्षांचा. गणेशचवथीला मूळ घरी भावंडांची मुलं जमतात. टीव्हीवर खेळायच्या यंत्रांपैकी, म्हणजे कन्सोलपैकी, सोनीचा पीएस५, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस आणि निंटेंडोचा स्विच २ यांतलं काय घ्यावं? जीटीए ६ हा खेळ येईपर्यंत किंवा किमती उतरेपर्यंत थांबावं का? रोज नवी बातमी येते आणि बेत पुढे ढकलला जातो. पावसात वीज सारखी जाते, त्यात हे टिकेल का? वडील म्हणतात, हा मांडवीतल्या कॅसिनो बोटींसारखाच जुगार. आणि शेवटी, जरा संकोचून, चाळिशीत हे बरं दिसतं का?

शेवटचं आधी घेतो. आमच्याकडे जत्रेच्या नाटकात पन्नाशीतले गृहस्थ दाढी चिकटवून औरंगजेब होतात, पहाटेपर्यंत गरजतात आणि दुपारी बँकेच्या काउंटरवर बसतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. तुम्ही तर आपल्याच घरात मुलाशेजारी बसून फुटबॉल खेळणार. पुढे जाऊ.

मी फोंड्याला कन्सोल आणि टीव्ही दुरुस्त करतो, जुनी यंत्रं आणि डिस्क घेतो-विकतो, आणि रविवारी नुस्त्याचं जेवण झालं की स्वतःही खेळायला बसतो. त्यामुळे बातमी कानावर येते आणि बिघडलेलं यंत्र टेबलावर. दोन्हींकडे बघून माझं मत असं झालंय की यंत्र घ्यायचं ठरलं असेल तर थांबू नये, पण खेळ मात्र मुद्दाम उशिरा घ्यावेत. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. यंत्रासाठी दोन-दोन वर्षं वाट पाहतात आणि ते घरी आलं की पहिल्याच आठवड्यात पाच हजारांचा नवाकोरा खेळ उचलतात.

थांबलं की कन्सोल स्वस्त होतो, हा आपला अनुभव खोटा नव्हता. पीएस२ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरला. त्या काळी दर काही वर्षांनी चिप लहान आणि स्वस्त होई आणि त्यातली बचत गिऱ्हाइकापर्यंत पोहोचे. या पिढीत गाडी उलटी फिरली. भारतात पीएस५ २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता. पुढे तो ५४,९९० झाला. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये पीएस५ पन्नास डॉलरनी महागला, आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ४९९ वरून त्याच वर्षात दोनदा वाढून ६४९ वर गेला. पाच वर्षं जुनं यंत्र पहिल्या दिवसापेक्षा महाग, असं मी या धंद्यात पूर्वी पाहिलं नव्हतं. चिप आणखी लहान करणंच आता खर्चिक झालंय, वर अमेरिकेचं आयात शुल्क, आणि २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यामुळे तिचे भाव चढले. यातलं एकही कारण तुमच्या थांबण्याने सुटणारं नाही. दिवाळीच्या आसपास काही हजारांची सूट असते, तेवढी गाठा. त्याहून लांबची आशा धरू नका.

खेळांचं गणित वेगळं. सायबरपंक २०७७ घ्या. १० डिसेंबर २०२० ला आला आणि आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकला, इतका तो पीएस४ वर कोलमडत होता. जून २०२१ मध्ये परत आला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचा मोठा दोन-शून्य अपडेट आला, आणि आज तोच खेळ लोक वाखाणतात. पहिल्या दिवशी ज्यांनी पूर्ण पैसे मोजले त्यांना अर्धाकच्चा खेळ मिळाला. तीन वर्षांनी घेणाऱ्यांना शिजलेला मिळाला, तोही कमी पैशांत. नो मॅन्स स्काय २०१६ मध्ये आला तेव्हा शिव्या खाल्ल्या आणि पुढच्या वर्षांत फुकट अपडेट देत देत सावरला. आठवड्यातून सहा-सात तास खेळणाऱ्या माणसाला घाई कसली? गेल्या दहा वर्षांत निघालेले चांगले खेळ तुम्ही निवृत्तीपर्यंत खेळलात तरी उरतील.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, निंटेंडो. मारिओ कार्ट ८ डिलक्स २०१७ चा, पण त्याची मूळ किंमत जवळपास तशीच राहिली. त्यांच्या घरचे खेळ उतरत नाहीत. स्विच घेणार असाल तर हे धरूनच हिशेब करा.

जीटीए ६ बद्दल. पाचवा भाग सप्टेंबर २०१३ चा. सहाव्याची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये दाखवली तेव्हा २०२५ सांगितलं होतं, मग २६ मे २०२६ झालं, मग नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६ अशी नवी तारीख आली. या तारखांवर घरचा खर्च आखू नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही मालिका प्रौढांसाठी आहे. पाचव्या भागावर युरोपात अठरा वर्षांचा आणि अमेरिकेत सतरा वर्षांचा शिक्का आहे. तुमचा मुलगा बाराचा. म्हणजे तो खेळ आला तरी मुलगा झोपल्यावर एकट्याने खेळणार तुम्ही, तेही रविवारी रात्री, सोमवारी पहाटे वेर्ण्याची बस असताना. यासाठी थांबायचं असेल तर थांबा, पण मग मुलाचं नाव पुढे करू नका.

बातम्यांपैकी बऱ्याचशा तुमच्या-माझ्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ही खेळ बनवणारी कंपनी जवळपास ६९ अब्ज डॉलरला घेतली, तसलीच ईए ५५ अब्जांना विकायचा सौदा सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला; वाचायला मजा येते, चहाबरोबर बोलायला विषय मिळतो, बस्स. पीएस५ प्रो हा वरचा प्रकार नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर आला पण त्या वेळी भारतात आला नाही, कारण वाय-फाय ७ ला लागणारी ६ गिगाहर्ट्झची लहरपट्टी तेव्हा इथे खुली नव्हती. त्यावर पोरांनी माझ्या दुकानात केवढा शोक केला! त्यातल्या कोणाच्याही घरच्या टीव्हीवर प्रो आणि साध्या पीएस५ मधला फरक डोळ्यांना दिसला नसता.

मी कान देतो त्या बातम्या दोन प्रकारच्या. एक, कुठला खेळ कुठल्या यंत्रावर येतोय. पूर्वी एक्सबॉक्सचे खेळ एक्सबॉक्सवरच असत. एप्रिल २०२५ मध्ये फोर्झा होरायझन ५ पीएस५ वर आला आणि ऑक्टोबरमध्ये एक्सबॉक्सची ओळख असलेला हेलोसुद्धा येणार म्हणून जाहीर झालं. पंधरा वर्षांपूर्वी हे कोणी बोललं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. सोनीचे मोठे खेळ मात्र एक्सबॉक्सवर सहसा जात नाहीत, त्यामुळे एकच यंत्र घेणाऱ्याचा कौल आपोआप ठरतो. दुसरी, खेळ किती जगणार. काँकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला विक्रीला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. निदान पैसे परत दिले. द क्रू या २०१४ च्या गाड्यांच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचीही डिस्क शोभेची झाली. त्यावरून युरोपात ग्राहकांनी मोहीम काढली, दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. म्हणून नेहमी बघा की खेळ इंटरनेटशिवाय सुरू होतो का. आपल्याकडे तर हा प्रश्न दर जूनला पडतो.

आता यंत्र. तुमच्या घरासाठी मी डिस्कवाला पीएस५ घेईन. सिरीज एस यंत्र म्हणून वाईट नाही, वीजही कमी खातं, पण त्यात डिस्क जातच नाही. सगळं डाउनलोड. ५१२ जीबीतली वापरायला ३६४ च्या आसपास मिळते आणि एकेक मोठा खेळ १०० जीबीच्या घरात. १०० एमबीपीएसचं कनेक्शन खरोखरच तेवढं चाललं तर शंभर जीबी सव्वादोन तासांत येते. तीसचं असेल तर साडेसात तास, म्हणजे तुमचा शनिवार गेला. शिवाय त्या यंत्राची खरी गोडी बरेच खेळ खेळू देणाऱ्या गेम पास या वर्गणीत होती, आणि तिचा वरचा स्तर ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत २० डॉलरवरून ३० वर गेला. आठवड्यातून दोन दिवस खेळणाऱ्याने महिन्याची वर्गणी भरायची म्हणजे पैसे भरल्याच्या दडपणाखाली खेळायचं.

डिस्कचा फायदा इथे, गोव्यात, मोठा आहे. म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही विचारा, जुन्या डिस्क घेणारा-देणारा भेटतो. खेळून झाली की परत विकता येते, किंवा शेजारच्या मुलाशी अदलाबदल. पीएस४ च्या जवळजवळ सगळ्या डिस्क पीएस५ वर चालतात, म्हणजे जुना साठाही कामाला येतो. फुटबॉलच्या खेळाची नवी आवृत्ती दर सप्टेंबरला येते आणि त्याच दिवशी गेल्या वर्षीची डिस्क मातीमोल होते. घरातल्या घरात दोघांनी खेळायला तीच घ्या, चेंडू तोच असतो. हे खेळ काढणारी ईए आणि फुटबॉलची संघटना फिफा यांची फारकत झाल्यावर फिफा नावाचे जुने खेळ डिजिटल दुकानांतून उतरवले गेले. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांना ते कळलंही नाही. पीएस५ स्लिमला डिस्कचा भाग वेगळा जोडता येतो, तेव्हा कोणी नंतर जोडू म्हणेल. फक्त पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, एवढं ध्यानात ठेवा. मी म्हणेन, आधीच डिस्कवाला घ्या.

स्विच २ मला मनापासून आवडतो, आणि तुमच्या चवथीच्या मूळ घरासाठी तोच सगळ्यात सोयीचा, कारण पिशवीत घालून नेता येतो आणि खोक्यातच दोघांना पुरतील असे दोन कंट्रोलर असतात. अडचण ही की निंटेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही. इथे दिसतात ते दुबईचे, कुवेतचे, किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या कोणा भावाने आणलेले. वॉरंटी नावालाच. कोणी जपानहून आणतो म्हणाला तर आधी विचारा कुठला. तिथे २०२५ मध्ये ४९,९८० येनचा स्वस्त स्विच २ निघाला तो फक्त जपानी भाषेचा आणि जपानी खात्याचाच असतो. अनेक भाषांचा ६९,९८० येनला. सोनीनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे फक्त जपानी भाषेचा डिजिटल पीएस५ ५५,००० येनला काढला. दोन्हींचे आकडे बघून मोह होतो. सगळ्या पाट्या जपानीत वाचायची तयारी असेल तर घ्या. आणखी एक, स्विच २ च्या काही कार्ट्रिजमध्ये खेळ नसतोच, नुसती किल्ली असते आणि खेळ डाउनलोड करावा लागतो. खोक्यावर तसं छापलेलं असतं, वाचून घ्या.

आता पावसाबद्दल. इथे मी जास्त बोलणार, कारण माझ्या टेबलावर जून ते ऑक्टोबर जे येतं त्यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं.

वीज गेल्याने कन्सोल सहसा मरत नाही. मरतो तो वीज परत येताना. माडाची झावळ लाइनवर पडते, तारा एकमेकींना लागतात, आणि कधी कधी न्यूट्रल तुटतो. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल तुटला की कुणाच्या घरात व्होल्टेज दीडशेवर येतं आणि कुणाच्या घरात चारशेच्या जवळ जातं. त्या घरातला टीव्ही, फ्रिजचा बोर्ड, कन्सोलचा पॉवर सप्लाय एकदमच जातात. अशा वेळी साध्या स्पाइक गार्डचा उपयोग नाही. त्यातला व्हॅरिस्टर नावाचा छोटा भाग क्षणभराचा झटका गिळायला असतो. चारशे व्होल्ट टिकून राहिले तर तोच जळतो. त्याऐवजी वायरमनकडून मेन बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ बसवून घ्या. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो घराची लाइन तोडतो आणि वीज आल्यावर थोडा वेळ थांबून मगच जोडतो. खर्च एका नव्या खेळाच्या डिस्कपेक्षा कमी, आणि फ्रिजही वाचतो. स्टॅबिलायझर मात्र कन्सोलसाठी घेऊ नका. आतला पॉवर सप्लाय थोडंफार कमी-जास्त व्होल्टेज स्वतःच सांभाळतो.

मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात वेगळं संकट असतं. वीज जवळपास पडली तर झटका फक्त प्लगातून येत नाही, केबल टीव्हीच्या जाड वायरीतून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीत आणि दुसऱ्या एचडीएमआयने कन्सोलमध्ये येतो. प्लग काढला होता तरी कसं गेलं, असं लोक विचारतात, ते असं. काळोख करून आलं की प्लग, केबलची वायर आणि लॅनची वायर, तिन्ही काढा. फायबरची काच वीज वाहत नाही, पण राउटरचा अडॅप्टर आणि त्याची लॅन वायर वाहते. कन्सोलच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर घाबरू नका, त्याच्या वायरीला दोनच पिना असल्यामुळे थोडी गळती तशी जाणवते. पण ते जोरात जाणवत असेल तर घराचं अर्थिंग तपासून घ्या. आपला जांभा उन्हाळ्यात सुकला की अर्थिंग नुसतं नावापुरतं उरतं. खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं हे जुन्या वायरमनना माहीत आहे, नव्यांना सांगावं लागतं.

खेळता खेळता वीज गेली तर यंत्राला इजा क्वचित होते, पण खेळाची नोंद बिघडू शकते. सहाशे व्हीएचा छोटा यूपीएस पीएस५ आणि मध्यम टीव्ही काही मिनिटं ओढतो. तेवढ्यात सेव्ह करा, नीट बंद करा. पुढे खेळायला तो नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचा आहे का बघा. चौकोनी लहरीवर काही पॉवर सप्लाय कुरकुरतात, काही बंदच पडतात. आणि पावसाळ्याचे चार महिने रेस्ट मोड वापरू नका. यंत्र झोपेत असताना वीज गेली की पुढच्या वेळी ते तक्रार करतं, आतली साठवण तपासत बसतं. सरळ बंद करून प्लग काढायची सवय मुलाला लावा.

मग ओलावा आणि किडे. कन्सोल गरम, काळोखा आणि कोरडा, म्हणजे पावसात झुरळांना आणि मुंग्यांना हवा तसा. पॉवर सप्लायवर पाल चढून शॉर्ट झालेली यंत्रं दर वर्षी येतात, वास आधी येतो. यंत्र काचेच्या शोकेसमध्ये, वर भरतकामाचा रुमाल टाकून ठेवू नका. चारी बाजूंनी वितभर मोकळी जागा, भिंतीपासून दूर, फरशीपासून वर. आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवा, आतली ऊब ओल हटवते. परीक्षेमुळे जूनमध्ये कपाटात ठेवलेला कन्सोल चवथीला चालू होत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की मुलाला शिक्षा द्यायची असेल तर कंट्रोलर लपवा, यंत्र कोंडू नका. किनाऱ्यावरच्या घरांत खारी हवा पोर्टांवर हिरवट थर चढवते. तुमच्या डिचोलीला तो त्रास नाही, पण खाणपट्ट्यातली तांबडी धूळ पावसाच्या ओलीत भिजून पंख्यावर चिकटते आणि ब्रशने निघत नाही. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, साफ करून घ्या. घरी उघडणार असाल तर थांबा: पीएस५ मध्ये चिपवर थर्मल पेस्टऐवजी द्रव धातू असतो, तो सांडला तर बोर्ड जातो. बाहेरचं झाकण काढून धूळ खेचून घेणं एवढंच घरचं काम.

कंट्रोलरची काडी आपोआप एका बाजूला सरकायला लागते, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. त्यात फारसं गूढ नाही. आत कार्बनचा पट्टा असतो, घासून झिजतो. कुठल्याही कंपनीचा असो, खूप खेळणाऱ्याचा झिजणारच. मॉड्यूल बदलून मिळतं. चुंबकावर चालणारे हॉल इफेक्ट मॉड्यूल घातले तर पुन्हा तो त्रास बराच कमी. नवा कंट्रोलर घेण्याआधी दुरुस्ती विचारा.

वडिलांना सांगा की पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी घातली आहे आणि कन्सोलवरचे खेळ त्यात येत नाहीत. पण त्यांची शंका अगदीच वायफळ नाही. फुकट म्हणून मिळणाऱ्या काही खेळांत आत खोकी विकतात, उघडल्यावर काय निघेल माहीत नसतं. कन्सोलवर मुलाचं वेगळं खातं काढा, खर्चाची मर्यादा शून्य ठेवा, तुमचं कार्ड त्यात नोंदवून ठेवू नका. त्याच जातीत दुसरा उपद्रव रोज हजेरी मागणाऱ्या खेळांचा. आज आला नाहीस तर अमुक बक्षीस गेलं, हा हंगाम अमुक तारखेला संपतो. ज्याच्याकडे फक्त शनिवार-रविवार आहे त्याच्यासाठी हे खेळ नव्हेतच. सोमवार ते शुक्रवार ते तुमच्या डोक्यात बसतात.

काय खेळायचं? पीएस५ मध्ये अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम आधीच भरलेला असतो, फुकट. पहिले दोन रविवार तोच पुरे, कंट्रोलर हातात बसतो. आवडला तर अ‍ॅस्ट्रो बॉट, २०२४ चा सर्वोत्तम खेळ म्हणून त्याला पुरस्कार मिळाला होता. तुम्ही आणि मुलगा मिळून खेळायला इट टेक्स टू. तो एकट्याने खेळताच येत नाही, अर्धा पडदा तुमचा, अर्धा त्याचा, आणि एकाने चूक केली की दुसऱ्याने वाट बघायची. २०२१ चा खेळ, डिस्क स्वस्तात मिळते. राजी हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला, आपल्या पुराणांच्या वातावरणातला. लढाई थोडी रटाळ आहे, पण राजस्थानी वाड्यांचं काम डोळे भरून बघण्यासारखं, आणि एका शनिवार-रविवारात संपतो. संपणाऱ्या खेळाचं मला फार कौतुक आहे. शंभर तासांचा खेळ घेऊन आठव्या तासाला सोडून दिलेले गिऱ्हाईक माझ्याकडे डिस्क विकायला येतात, आणि ती पुढच्या माणसाला मी विकतो, तोही आठव्या तासाला सोडतो.

कुवेतमध्ये कोणी भाऊ असेल आणि त्याच्याबरोबर ऑनलाइन खेळायचं असेल तर विकतच्या खेळांना पीएस प्लसची वर्गणी लागते, फोर्टनाइट किंवा रॉकेट लीगसारख्या फुकटच्या खेळांना लागत नाही. आधी फुकटच्यावर जमतंय का बघा, कारण तो मोकळा होतो तेव्हा इथे अकरा वाजलेले असतात.

टीव्ही नवा घेऊ नका. आहे त्याच्या सेटिंगमध्ये गेम मोड शोधा आणि चालू करा. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात जो वेळ घालवतो तो त्याने वाचतो आणि बटण दाबल्यावर उडी लगेच पडते. शुक्रवारी रात्री जेवण होईपर्यंत कन्सोल लावून अपडेट उतरवून घ्या, नाहीतर शनिवारी मुलाला शेजारी बसवून तुम्ही दोघं टक्केवारी बघाल. पाळी तासावर लावू नका, सामन्यावर लावा. तास संपताना भांडण होतं, सामना संपताना होत नाही.

चवथीला पीएस५ मूळ घरी न्यायचाच असेल तर आतली डिस्क काढून, मऊ टॉवेलात गुंडाळून आडवा न्या. बरोबर दोन कंट्रोलर, त्यांच्या वायरी, स्वतःची एचडीएमआय वायर आणि चांगला एक्स्टेंशन बोर्ड घ्या. गणपतीवर फळं-पानं बांधलेल्या माटोळीखाली लावू नका, पाणी ठिबकतं. आणि निघण्याआधी काकांना फोन करून तिथल्या टीव्हीला एचडीएमआयचं छिद्र आहे की नाही ते विचारून घ्या.